सतरंजीवरचे युवक, खुर्चीवरचं धोरण

१२ जानेवारीला आमच्या तालुक्याच्या गावात ‘युवा संवाद’ झाला. दरवर्षी होतो. मंगल कार्यालय, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर बारा फोटो आणि त्यातला एकही फोटो पंचविशीतला नाही. ज्युनियर आणि सीनियर कॉलेजची पोरंपोरी हजेरी लावून आणलेली. ती खाली सतरंजीवर, पाहुणे वर सोफ्यावर. व्यासपीठावर चढलो असतो तर सगळ्यात तरुण मीच दिसलो असतो, आणि मला चाळिशीचा चष्मा लागून तीन वर्षं झाली.

दोन तास भाषणं झाली. जिजाऊ झाल्या, विवेकानंद झाले, मोबाईलचे दुष्परिणाम झाले. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, “कुणाला काही विचारायचंय का?” अपेक्षा अशी की कुणी विचारणार नाही. पण मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असेल. म्हणाली, “सर, आम्ही खेड्यातून सकाळच्या एसटीनं येतो. कॉलेज साडेअकराला सुटतं. इथली अभ्यासिका एकला बंद होते ती चारला उघडते. आमची शेवटची गाडी पाचची. ही वेळ ठरवताना आम्हाला कुणी विचारलं होतं का?”

सूत्रसंचालकांनी माईक परत घेतला. “ताई, हा संवादाचा कार्यक्रम आहे. तक्रारी नंतर लेखी द्या.” टाळ्या. आभार. वडापाव.

आता खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी बातमी मीच लावली. ‘युवा संवादास उत्स्फूर्त प्रतिसाद.’ तीन कॉलम, फोटोसह. त्या मुलीचा प्रश्न त्यात नव्हता, कारण त्याच कार्यक्रमाची जाहिरात त्याच पानावर होती. म्हणून ही पोस्ट. पेपरात जे राहिलं ते इथं लिहितो.

आपल्याकडे युवा धोरणांची कमी नाही. देशाचं पहिलं राष्ट्रीय युवा धोरण १९८८ चं. मग २००३ चं. मग २०१४ चं. महाराष्ट्रानं स्वतःचं २०१२ साली आणलं. कागद भरपूर आहेत. गंमत बघा, २००३ च्या धोरणात युवक म्हणजे १३ ते ३५ वर्षांचा. २०१४ च्या धोरणात १५ ते २९. राज्याच्या प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५. म्हणजे बत्तीस वर्षांचा आमचा एखादा पोरगा दिल्लीच्या कागदात म्हातारा आणि मुंबईच्या कागदात तरुण. त्याला स्वतःला विचाराल तर तो सांगेल, “दादा, मी फक्त बेरोजगार आहे.”

भानगड वयाची नाही. या सगळ्या कागदांत तरुण हा ‘लाभार्थी’ आहे. त्याच्यासाठी शिबिर, त्याच्यासाठी महोत्सव, त्याच्यासाठी पुरस्कार. पण निर्णयाच्या फायलीवर त्याचं बोट कुठं लागतं? मी शोधलं. मला सापडलेली जागा एकच आहे, आणि ती म्हणजे रस्ता.

अतिशयोक्ती वाटत असेल तर क्रम आठवा.

मार्च २०२१. एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली. पुण्यात पोरं रस्त्यावर बसली. लगेच नवी तारीख मिळाली, आठवड्याभरानंतरची.

फेब्रुवारी २०२३. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं आधीच ठरलं होतं. पोरं पुन्हा पुण्यात बसली. निर्णय २०२५ पर्यंत पुढे गेला.

सप्टेंबर २०२३. सरकारी कामाला कंत्राटी माणसं पुरवण्यासाठी नऊ कंपन्या नेमल्याचा जीआर निघाला. राज्यभर संताप. ऑक्टोबरमध्ये जीआर रद्द.

ऑगस्ट २०२४. एमपीएससीची परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी. पुन्हा पुणे, पुन्हा ठिय्या, परीक्षा पुढे.

चार प्रसंग, आणि चारही वेळा सरकारनं ऐकलं. पण रस्ता अडल्यावर. यातला प्रत्येक निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. वर्णनात्मक परीक्षा कदाचित चांगलीच असेल. माझा मुद्दा एवढाच की दोन परीक्षा एका दिवशी येतात हे कळायला आंदोलन लागत नाही, परीक्षा देणाऱ्या चार पोरांना आधी विचारलं तरी कळतं. ते विचारण्याची जागाच आपण ठेवलेली नाही. आणि मग हेच लोक टीव्हीवर येऊन म्हणतात, “तरुणांनी रस्त्यावर उतरू नये.” अहो, मग उतरायचं कुठं? दार एकच उघडं ठेवलंय आणि त्या दारातून आलात म्हणून ओरडताय.

त्यातही हे दार पुण्यात आहे. आमच्या स्टँडसमोर वीस पोरं बसली तर मुंबईला काय कळणार? वाहतूक हवालदार येऊन उठवेल. मंत्रालयाला ऐकू जायला शास्त्री रस्ता लागतो, आणि शास्त्री रस्त्यावर बसायला आधी पुण्यात खोली भाड्यानं घेण्याची ऐपत लागते. ज्याचा बाप ती देऊ शकत नाही, त्याचा आवाज तालुक्याच्या वेशीबाहेर पडत नाही. तो फक्त अर्ज भरतो. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४. अर्ज आले दहा लाखांच्या वर. फी खुल्या गटाला हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. गुणाकार तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट बघा. तरुणांनी लोकशाही शिकायची कुठं? पूर्वी कॉलेजात निवडणूक व्हायची. हाणामाऱ्या झाल्या, मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला. म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं निवडणुका बंद करून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. पुढे २०१६ च्या कायद्यानं निवडणुका परत आणल्या, कागदावर. २०१९ साली घ्यायचं ठरलं, तर विधानसभा निवडणूक आली म्हणून पुढे ढकलल्या. मग कोरोना आला. कोरोना गेला. लोकसभा झाली, विधानसभा झाली. कॉलेजची मतपेटी काही निघाली नाही. अठराव्या वर्षी पोरगं पंतप्रधान कोण हे ठरवू शकतं, पण वर्गाचा प्रतिनिधी कोण हे ठरवू शकत नाही.

आणि गावात? मतदानाचं वय २१ वरून १८ वर १९८९ साली आलं. पण २०२२ पासून आमच्यासारख्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कान धरला, तेव्हा कुठं डिसेंबरमध्ये मतदान झालं. २०२२ साली अठराचा झालेला पोरगा तोवर एकविसाचा झाला, म्हणजे उभं राहण्याच्या वयाचा. पहिलं मत देण्याआधीच उमेदवारीला पात्र. ही मधली वर्षं आपण त्याच्याकडून परस्पर काढून घेतली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

आता काही जण खाली लिहितील, “पोरांना काय कळतं? ती रील बघतात.” रील आमदारही बघतात, बनवतातही. २०२० मध्ये तिरुवनंतपुरमला आर्या राजेंद्रन महापौर झाल्या, तेव्हा त्या २१ वर्षांच्या आणि कॉलेजात शिकत होत्या. त्यांचा कारभार कसा झाला यावर भांडता येईल, तसं साठीतल्या महापौरांच्या कारभारावरही भांडता येतं. फिनलंडमध्ये प्रत्येक नगरपालिकेनं युवक परिषद नेमायची असं २०१५ चा कायदाच सांगतो. तिथली पोरं जन्मतः शहाणी असतात असं नाही. त्यांना बैठकीत बसवलं जातं, त्यातून ती शिकतात.

दुसरे म्हणतील, “सरकारनं योजना दिली की.” दिली. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. आधी सहा महिने, ओरड झाल्यावर आणखी पाच. पैसे वाईट नव्हते, घराघरात कामाला आले. पण अकरा महिने संपल्यावर पुढे काय, हे योजना लिहिताना एका तरी प्रशिक्षणार्थ्याला विचारलं असतं, तर त्यानं पहिला प्रश्न तोच काढला असता. विचारलं नाही, म्हणून तो प्रश्न आता मोर्चाच्या फलकावर आहे. परत रस्ताच.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकानं १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. आपल्या सोयीसाठी वापरून घेणं, शोभेला उभं करणं, नावापुरतं बोलावणं. आमचं मंगल कार्यालय त्या तीन पायऱ्यांवरच बांधलेलं आहे.

मला नवं धोरण नको. चार साध्या गोष्टी हव्यात. कॉलेजच्या निवडणुका या वर्षी घ्या, कायदा आहेच. भरतीचं वेळापत्रक जाहीर करण्याआधी ते परीक्षार्थींसमोर ठेवा आणि आलेल्या हरकतींना लेखी उत्तर द्या. नगरपालिकेच्या अभ्यासिका, वाचनालय आणि मैदानाच्या समितीत निम्मी जागा पंचविशीच्या आतल्यांना द्या, मताच्या अधिकारासकट. आणि ‘युवा संवादा’त दोन तासांपैकी दीड तास माईक खाली सतरंजीवर असू द्या. यातल्या एकाही गोष्टीला जागतिक बँकेचं कर्ज लागत नाही.

नव्यानं निवडून आलेल्या नगरसेवकांना सांगणं एवढंच, की तुमच्याकडे मतं मागायला फिरली ती हीच पोरं होती. स्लिपा त्यांनी वाटल्या, बूथवर ती बसली. प्रचाराला चालतात, तर बैठकीला का चालत नाहीत?

परवा दुपारी दोन वाजता मुद्दाम अभ्यासिकेवर गेलो. कुलूप होतं. समोरच्या मारुतीच्या पायरीवर सात-आठ पोरी डबे सोडून बसल्या होत्या, मांडीवर पुस्तकं. चार वाजायची वाट बघत. पाचला गाडी. म्हणजे पाऊण तासाचा अभ्यास. त्यातली एक मला ओळखून म्हणाली, “काका, तुम्ही पेपरवाले ना? त्या दिवशी आलेला तुम्ही. आमचा प्रश्न छापला का?”

मी म्हटलं, छापतो.

छापलाय. उशीर झाला, पण छापलाय. आता तुमच्या गावची अभ्यासिका किती वाजता उघडते आणि ती वेळ कुणी ठरवली, ते खाली लिहा. यादी करून मी स्वतः नगरपालिकेत नेऊन देतो. लेखी.