‘वाया’ जाणाऱ्या पाण्याचा हिशेब

‘इतके टीएमसी पाणी समुद्रात वाया गेले!’ प्रत्येक पावसाळ्यानंतर मंत्रालयापासून गावच्या पारापर्यंत हाच विलाप ऐकू येतो. नदीने सागराला मिळणे हा जणू अपराधच! ‘वाया’ या एका शब्दाआड केवढे अज्ञान दडले आहे, याचा विचार मात्र कोणी करीत नाही.

त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रच्या किनाऱ्यावर सागराला मिळते. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णाही तिच्या दक्षिणेस त्याच किनाऱ्यावर विसावते. दख्खनची माती सहस्रावधी वर्षे वाहून नेऊन या दोन नद्यांनी तेथील सुपीक त्रिभुज प्रदेश घडविला. परंतु अशी भूमी एकदा घडली की कायमची टिकते, असे नाही. गाळाचे थर स्वतःच्याच भाराने दबत जातात, लाटा किनारा कुरतडत राहतात. ही झीज भरून निघते ती पुराबरोबर येणाऱ्या नव्या गाळाने.

तो गाळच आज वाटेत अडला आहे. धवळेश्वरम येथे १९७० ते १९७९ या काळात गोदावरीतून वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ वाहत होता; २००० ते २००६ या काळात तो ५.७ कोटी टनांवर आला. कृष्णेची अवस्था तर याहूनही बिकट आहे. काकिनाड्याजवळच्या उप्पाडा गावात समुद्राने घरे गिळली. त्यास अन्य कारणेही असतील. पण नदीच उपाशी असेल, तर किनाऱ्याने तग धरावा कशाच्या बळावर? १९७७ च्या चक्रीवादळात कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिवी भागात हजारो माणसे बुडाली. खचत्या भूमीवर तशीच लाट पुन्हा आली तर?

मग धरणे बांधूच नयेत काय? असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि जायकवाडीने ती काही अंशी भागविली आहे. परंतु जो गाळ पैठणला नाथसागराची साठवण घटवितो, त्याच गाळावाचून सागरतीरीची शेते खचत आहेत. हानी दोन्हीकडे आहे! कृष्णा लवादाने १९७६ मध्ये आणि गोदावरी लवादाने १९८० मध्ये राज्यांना पाणी वाटून दिले. मातीचा वाटा मात्र कोणत्याही राज्याच्या पदरी लिहिला गेला नाही.

तो आता लिहिला गेला पाहिजे. पहिल्या पुराचा गढूळ लोंढा जेथे शक्य असेल तेथे धरणाच्या तळच्या दरवाजांतून पुढे सोडला जावा. नव्या प्रकल्पाच्या अहवालात पाण्याइतकाच गाळाचाही हिशेब मांडला जावा. नदीपात्रातील बेसुमार वाळूउपशाला आवर घातला जावा. उगमाशी गोदामाईची आरती करणाऱ्या महाराष्ट्राने तिच्या मुखाशी राहणाऱ्या आंध्रातील बांधवांचाही विचार करावयास हवा. नदी एकच आहे. तिच्या एका टोकाला पूजा आणि दुसऱ्या टोकाला उपासमार, हा न्याय नव्हे.