पार पडली की बारगळली?

'द टॉक्स फेल थ्रू' हे चार शब्दांचे वाक्य. दहावीच्या मुलांना याचा अर्थ विचारला की बरेच जण बिनदिक्कत सांगतात, 'बोलणी पार पडली.' 'फॉल' म्हणजे पडणे, 'थ्रू' म्हणजे पार. दोन्ही शब्दांचे अर्थ त्यांना ठाऊक आहेत, जोडणीही चुकलेली नाही, आणि तरी निघालेला अर्थ नेमका उलटा. इंग्रजीत बोलणी 'फेल थ्रू' झाली म्हणजे फिसकटली, बारगळली.

आमच्या मुळगावात काय, गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या इतर गावांत काय, आपली बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. ही मुले इंग्रजीत कच्ची, असे शिक्का मारल्यासारखे बोलले जाते. मला ते पटत नाही. 'इन्व्हेस्टिगेट', 'पोस्टपोन', 'टॉलरेट' असले भारदस्त शब्द त्यांना येतात. अडतात ती 'लुक इंटू', 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' यांच्यापाशी. अर्थ तेच, चौकशी करणे, पुढे ढकलणे, सोसणे. पण रूप असे की शब्दकोशात नेमके कुठे शोधायचे हेच कळत नाही. इंग्रजी आपल्याकडे आली ती पुस्तकातून आणि कचेरीतून. घरात, बाजारात, भांडणात जी इंग्रजी बोलली जाते ती आपल्या कानावर पडलीच नाही, आणि हे जोडशब्द तर तिथलेच. त्यांची उणीव भासते म्हणून शिकलीसवरली माणसेही नको तिथे एखादा छोटा शब्द चिकटवतात. 'कोप विथ' पुरेसे असताना अर्जात 'कोप अप विथ' लिहिलेले असते.

ही अडचण आपल्याच मुलांची नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवले की क्रियापदाला छोटे अव्यय जोडून अर्थ पालटायची ही रीत परक्यांना सर्वांत जड जाते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापील पुस्तकात आले ते पुढे 1925 मध्ये, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्यामुळे. नाव नव्हते तेव्हाही शिकणाऱ्याची दमछाक होतच होती.

'वेंट ऑफ' घ्या. दिवा 'वेंट ऑफ' झाला तर तो गेला. गजर 'वेंट ऑफ' झाला तर तो वाजू लागला. बॉम्ब झाला तर फुटला, आणि दूध झाले तर नासले. एकच जोडी, एकीकडे बंद होणे, दुसरीकडे सुरू होणे. यादी करून हे पाठ करायला सांगितले तर कोणतेही मूल हात टेकेल. पाठ करायला सांगूच नये.

कारण हे मुलांना नवे नाही. त्यांच्या तोंडी रोज असलेले 'लागणे' पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो. मुलगा नोकरीला लागतो, वाईट नादाला लागतो, दहावीचा निकाल लागतो, झाडाला फणस लागतात, आजीचा जरा डोळा लागतो. दिवा लागला म्हणजे उजेड, डोळा लागला म्हणजे अंधार, हे आमच्या मुलाला कोणी व्याकरणातून शिकवलेले नसते. घरातल्या कोकणीतही भूक लागता, तान लागता. मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी अधिकारी मराठी शिकला आणि 1831 मध्ये त्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्यापुढे हाच डोंगर उलट्या बाजूने उभा असणार. लागणे, पडणे, मारणे, बसणे ही क्रियापदे त्याच्या कोशात उघडून पाहावीत. एकेका क्रियापदाखाली अर्थांमागून अर्थ आणि वापरांमागून वापर त्याने मांडले आहेत.

म्हणूनच मला वाटते की प्राथमिक शाळेत मराठी पक्की झालेले मूल या वाटेवर मागे नसते, पुढे असते. शब्दांच्या बेरजेतून अर्थ निघत नाही, तो वापरातून निघतो, ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडलेली असते. 1990 मध्ये गोवा सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमापुरते ठेवले, 2011 मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. तो वाद अजून धुमसतो आहे, आणि मी कुठल्या बाजूचा हे लपवत नाही. पण बाजू कोणतीही असो, पाचवीच्या वर्गातल्या शिक्षकाने फळ्यावर आधी 'लागणे' लिहावे, मुलांकडून दहा वाक्ये काढून घ्यावीत, आणि मगच 'पुट'कडे वळावे. मुलांची भीती तिथेच निम्मी उतरते.

वाक्प्रचारांचेही तेच. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे दिसत असून न पाहणे. 1801 मध्ये कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा इंग्रज नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली, अशी त्याच्याशी जोडलेली गोष्ट सांगतात. आपण म्हणतो कानाडोळा करणे. मुलांना नेल्सनची गोष्ट सांगावी, शेजारी कानाडोळा लिहावा, आणि गावात कशाकशाकडे कानाडोळा होतो ते विचारावे. उत्तरे भराभर येतात. इतका जिवंत धडा पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

पेडण्यातल्या मुलांना तर आता मोप विमानतळाचे दार उघडे आहे. तिथे 2023 च्या जानेवारीत उड्डाणे सुरू झाली. विमान 'टेक ऑफ' घेते, प्रवासी तपासणीत बूट 'टेक ऑफ' करतो, आणि कामगार आजारी पडला तर एक दिवस 'टेक ऑफ' करतो. काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोरापोरींना हे कोशातून शोधायला सवड नसते.

पण मला खरी काळजी आहे ती मोठ्या माणसांची, आणि ती मुळगावात राहून टाळता येत नाही. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाण लीजचे दुसरे नूतनीकरण रद्द केले. न्यायालयाच्या भाषेत एखादा आदेश 'सेट असाइड' झाला म्हणजे तो रद्दबातल ठरला. बाजारातल्या इंग्रजीत 'सेट असाइड' म्हणजे बाजूला काढून ठेवणे, सणासाठी पैसे ठेवतो तसे. आदेश बाजूला ठेवला आहे, पुन्हा काढतील, असे कोणी समजला तर तो चुकीची आशा किंवा चुकीची भीती घेऊन घरी जातो.

पुढे 2022 च्या डिसेंबरमध्ये लिलावात डिचोली ब्लॉक वेदान्त कंपनीला मिळाला. मुळगाव त्या पट्ट्यात येते. घरे, देवळे, शेती, तळी लीजमधून वगळा, ही मुळगावकरांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. या विषयावर बोलायचे तर पर्यावरण अहवाल वाचावा लागतो, आणि खाणींच्या अहवालांत ही छोट्या शब्दांची जोडकामे पानोपानी येतात. 'रन-ऑफ' म्हणजे पळून जाणे नव्हे. पावसात खाणीच्या ढिगाऱ्यांवरून लाल माती घेऊन शेतात उतरणारे पाणी. 'ड्रॉडाउन' म्हणजे खाणीच्या खड्ड्यातले पाणी उपसल्यावर भोवतालच्या भूजलाची पातळी खाली जाणे, म्हणजे आपल्या विहिरीचा आणि झरीचा प्रश्न. 'वर्क्ड आउट पिट' म्हणजे चांगली जमून आलेली खाण नव्हे, तर खनिज काढून संपलेला खड्डा. 'फेज आउट' म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद करणे. ज्याचे शेत त्या पाण्याखाली जाते त्याला 'रन-ऑफ' कळलाच पाहिजे.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जाहीर सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सारांशच, पूर्ण अहवाल नव्हे. विहिरींची मोजमापे, पाण्याच्या वाटा, ढिगाऱ्यांच्या जागा हे सगळे त्या पूर्ण अहवालात असते.

तेव्हा गावातल्या पदवीधर मुलामुलींना माझे सांगणे आहे. पुढच्या सुनावणीची सूचना लागली की त्या 30 दिवसांत संध्याकाळी केळबायच्या देवळात किंवा पंचायतीत बसा, अहवालाची पाने वाटून घ्या, आणि जाणत्यांना मराठी-कोकणीत वाचून दाखवा. जो शब्द अडेल त्याखाली रेघ मारा आणि तो सुनावणीत अधिकाऱ्यांना विचारा. तो आपला हक्क आहे. आणि पूर्ण अहवाल मराठी व कोकणीत मिळालाच पाहिजे, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा.