जुन्या काँक्रीटवरील नवा थर : कसोटीवांचून पैसे देऊं नयेत

महाराष्ट्रांत २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानें पाणीवापर संस्थांच्या हद्दींतील चाऱ्यांची देखभाल संस्थांवर, म्हणजे आपणां शेतकऱ्यांवरच, आली आहे. तेव्हां फुटक्या अस्तरावर किंवा झिजलेल्या बांधकामावर नवें काँक्रीट घातलें, तर तें काम खरें झालें कीं नाहीं हें पाहणेंहि आपल्याकडेच आलें. पैसा सभासदांचा आहे.

सध्यांची रीत अशी कीं, कंत्राटदार ठोकळ्यांच्या चाचणीचा दाखला फायलीस लावतो व बिल मंजूर होतें. हा दाखला खोटा नसतो. पण तो भलत्याच प्रश्नाचें उत्तर देतो. १५ सेंटिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनीं दाबून फोडला म्हणजे नवें काँक्रीट स्वतः किती बळकट तें कळतें. तें जुन्यास धरून आहे कीं नुसतें त्यावर निजलें आहे, याविषयीं ठोकळा एक अक्षर बोलत नाहीं. सातबाऱ्यावर नांव लागलें म्हणजे वहिवाट सिद्ध झाली असें ज्यास वाटतें, त्यानेंच अशा दाखल्यावर विसंबावें.

यासाठीं ओढ-कसोटी आहे. प्रयोगशाळेंत तिला पुल-ऑफ टेस्ट म्हणतात. नव्या थरांतून आरपार जाऊन जुन्यांत निदान एक सेंटिमीटर शिरेल असा गोल चर पाडतात. मधला ५ सेंटिमीटर व्यासाचा खुंट जागींच राहतो. त्याच्या माथ्यावर लोखंडी चकती इपॉक्सीनें चिकटवून ती हातयंत्रानें सरळ वर ओढतात. खुंटाचें क्षेत्र सुमारें १९.६ चौरस सेंटिमीटर. तो ३०० किलोच्या ओढीस तुटला, तर पकड चौरस सेंटिमीटरास सुमारें १५ किलो झाली. भार वाहणाऱ्या बांधकामाच्या दुरुस्तीस युरोपीय प्रमाणांत निदान इतकी पकड मागितली आहे.

पण आंकड्याहून खुंट कोठें तुटला हें अधिक बोलकें. जुन्या काँक्रीटांत खोल तुटला, तर जोड जुन्याहून बळकट. नव्या थरांतच कमी ओढीनें तुटला, तर माल कच्चा. नेमका सांध्यावर स्वच्छ सुटला, तर पृष्ठभाग नीट धुतला नव्हता, किंवा सिमेंटची रबडी फांसून ती वाळल्यावर थर घातला, असा संशय घ्यावा. सांध्याखालीं नखभर जुन्यांत तुटून आंकडा कमी आला, तर बहुधा जड हातोडायंत्रानें जुनें काँक्रीट आंतून तडकविलें आहे. वरून तें छान खडबडीत दिसतें, म्हणून गवंडी खूष असतो! चकतीच इपॉक्सीपासून सुटली तर ती कसोटी धरूं नये.

हातोडीनें ठोकून पोकळ आवाज ऐकण्याची जुनी रीत टाकाऊ नव्हे. सुटलेला भाग तिनें कळतो. चिकटलेला किती चिकटला आहे तें कळत नाहीं.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना धरणास मागील अंगानें नवें काँक्रीट जोडून बळकटी देण्यांत आली. तेथें जुनें व नवें एकजीव होणें हाच कामाचा प्राण. आपली चारी म्हणजे धरण नव्हे, हें खरें. पण सांध्यांत शिरलेलें पाणी लहानमोठें पाहत नाहीं, तें पपडी खालून उचलतें.

कांहीं सभासद म्हणतील, नव्या कामास भोकें कशाला? तीन भोकें मसाल्यानें थोड्या वेळांत बुजतात. मात्र जागा कंत्राटदारानें नव्हे, पंचांनीं निवडाव्या, व एक कडेजवळची असावी. आकसणारा थर प्रथम कडेसच सुटतो. करारांतच लिहावें कीं, जुना पृष्ठभाग पाण्याच्या जोरानें धुवावा, तो आंतून ओला व वरून कोरडा असतां थर घालावा, पुढें किती दिवस पाणी मारावें, आणि शेवटचा हप्ता ओढ-कसोटीनंतरच मिळेल. तिचा खर्च अंदाजपत्रकांत धरावा. काम झाल्यावर घातलेली अट कंत्राटदार मानणार नाहीं. आणि त्यानें ती मानावी तरी कां?