तारेचा हेडफोन कीं बिनतारी?

घरांत नवा हेडफोन घ्यावयाचा झाला म्हणजे आजकाल पहिला वाद निघतो तो तारेचा. तार असली तर मुलें नाक मुरडतात. नसली तर वडील मंडळी किंमत विचारतात. या वादांत मुख्य प्रश्न मागें पडतो. तो असा कीं, हें यंत्र कोण, कोठें व किती वेळ वापरणार?

प्रथम दोहोंतील भेद पाहूं. आपल्या न्यायशास्त्रानें शब्द हा आकाशाचा गुण मानिला. बिनतारी हेडफोन आकाशांतूनच काम करतो, परंतु त्यांतून जातो तो शब्द नव्हे. मोबाइल गाण्याचे अंक आटोपशीर करून ते २.४ गिगाहर्ट्झच्या ब्लूटूथ-लहरींवरून धाडतो. कानांतील यंत्र ते उलगडून पुन्हां त्यांचा ध्वनि करतें. या खटाटोपास पुष्कळदां सेकंदाचा दहावा भाग वा अधिकहि वेळ लागतो. कीर्तन अथवा बातम्या ऐकतांना हा विलंब जाणवत नाहीं. परंतु मोबाइलवरील पेटीवर बोट पडावें आणि सूर मागाहून यावा, असें झालें म्हणजे शिकणाऱ्याची लय बिघडते. म्हणून संगीताच्या अभ्यासास तारेचाच हेडफोन उत्तम.

दुसरा विचार टिकाऊपणाचा. तार बहुधा पिनेपाशीं तुटते व डाख देऊन सांधतां येते. आमच्या केंदूरशेजारीं पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला, तो हातानें काम करीत शिकावें या तत्त्वावर. तुटकी तार जोडणें हा घरच्या मुलांस तसलाच एक पाठ होय. इअरबडमधील लिथियमची बॅटरी मात्र कांहीं वर्षांत थकते आणि सहसा बदलतां येत नाहीं.

तरीहि बिनतारी त्याज्य नव्हे. स्वयंपाकघरांत शेगडीपाशीं वावरणाऱ्या गृहिणीस लोंबती तार धोक्याचीच. ब्लूटूथच्या लहरींची भीति कित्येकांस वाटते. परंतु त्या मोबाइलच्या स्वतःच्या लहरींहून पुष्कळच क्षीण असतात. कित्येक नव्या मोबाइलांस जुन्या पिनेचें छिद्रच नसतें. तेथें टाइप-सी पिनेचा तारेचा हेडफोन मिळतो, हेंहि ध्यानीं असावें.

याहून मोठा प्रश्न कानाचा आहे. आंतरकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस ८० डेसिबल व मुलांस ७५ डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत, अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलनें वाढला कीं ती मुदत निम्म्यावर येते. तार टोंचते, म्हणून मनुष्य ती काढून ठेवतो. इअरबड कानांत असल्याचाच विसर पडतो. या बाबतींत सोय हीच गैरसोय होते.

शिवाय शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यांत बिबट्याचा वावर आहे. रात्रीं पिकास पाणी देणाऱ्यानें किंवा रस्त्यानें गाडी हांकणाऱ्यानें दोन्ही कान बुजवून घेणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. तेथें तारेचाहि नको आणि बिनतारीहि नको.

सारांश, अभ्यासाच्या मेजावर तारेचा ठेवावा. हात कामांत गुंतलेल्यांस बिनतारी द्यावा. आणि कोणताहि घेतला तरी मोबाइलमध्यें आवाजाची मर्यादा पहिल्याच दिवशीं घालून ठेवावी. मुलांच्या बाबतींत हें काम वडील माणसांनींच जातीनें करावें.