आई, कादंबरीतली आणि आत्मचरित्रातली

वाचकहो, आत्मचरित्र हातात आलं की तुम्ही आधी काय बघता? काहीजण मधली फोटोंची पानं उलटतात. काहीजण कुणाकुणाची नावं आली आहेत ते शोधतात. मी बघते, लेखकानं आईबद्दल काय लिहिलंय. स्वतःविषयी कुणीही रंगवून सांगू शकतं, पण आईविषयी लिहिताना भला भला माणूस उघडा पडतो. म्हणून आज दोन आत्मचरित्रं आणि एक कादंबरी घेतली आहे. तिन्हींच्या मुळाशी एकेक आई आहे.

आधी थोडं इथलं. बेंगळुरूत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी बाईला भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी कन्नड बोलणं जमतं. बसवरची पाटी मात्र अक्षर जुळवत वाचावी लागते, तोवर बस निघून जाते. मग चारशे पानांच्या कादंबरीचं काय घेऊन बसलात! त्यामुळे याच राज्यातल्या लेखकांची पुस्तकं माझ्याकडे पुण्याहून मराठी होऊन येतात, आणि त्यातली बरीचशी एकाच घरातून येतात. ते घर उमा कुलकर्णींचं. मूळच्या बेळगावच्या उमाताईंनी एस. एल. भैरप्पांच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांतल्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला 1989 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

भैरप्पा 24 सप्टेंबर 2025 रोजी बेंगळुरूतच गेले. त्यानंतर मी त्यांचं आत्मचरित्र पुन्हा काढलं. कन्नडमध्ये त्याचं नाव ‘भित्ती’, मराठीत ‘माझं नाव भैरप्पा’. हासन जिल्ह्यातल्या संतेशिवर या खेड्यातलं बालपण, प्लेगमध्ये गेलेली आई आणि भावंडं, शिक्षणासाठी पडेल ते काम, मध्येच शाळा सोडून मुंबई गाठणं, तिथं रेल्वे स्टेशनवर हमाली करणं. पुढे हाच मुलगा तत्त्वज्ञानात एम.ए. करतो, सुवर्णपदक मिळवतो, बडोद्याला पीएच.डी. करतो. वाचताना छाती दडपून जाते.

आता माझं मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. या पुस्तकाचा पहिला भाग अस्सल सोनं आहे. पुढे नोकऱ्या, बदल्या, मतभेद सुरू झाले की जुने हिशेब चुकते करण्याचा सूर लागतो, आणि बहुतेक वादांत लेखकच बरोबर ठरतो. आत्मचरित्रात हे चालायचंच, पण मला पानं भराभर उलटावीशी वाटली.

आणि मग ‘गृहभंग’. ही कादंबरी 1970 ची, आत्मचरित्राच्या 26 वर्षं आधीची. हाच परिसर, तेच दारिद्र्य, तोच प्लेग. फरक एवढाच की इथं मुलगा कोपऱ्यात आहे आणि मध्यभागी आहे नंजम्मा. तिचा नवरा चेन्निगराय गावचा शानभोग, म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी. पण हिशेब त्याला येत नाही, गावचं दप्तर लिहिते ती. तो खादाड, आळशी, पोरं उपाशी असताना स्वतःचं ताट भरून घेणारा. सासू गंगम्मा तर अशी की तिच्या तोंडच्या शिव्या वाचून माझ्या लेकीनं विचारलं, ‘आई, हे असं छापतात?’ छापतात, आणि छापायलाच हवं. गंगम्मा गोड बोलली असती तर नंजम्मा कशातून गेली ते कळलंच नसतं.

भैरप्पा नंजम्माला देवी करत नाहीत. ती थकते, चिडते, अपमान गिळून पुन्हा दप्तर उघडते. कादंबरीत सूचना येत नाही, सगळं अचानक कोसळतं. प्लेगची ती पानं मी बसमध्ये वाचत होते आणि पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले.

मला वाटतं, मुलगा म्हणून भैरप्पांना आईबद्दल जे बोलता आलं नाही, ते त्यांनी नंजम्मा असं नाव देऊन आधीच लिहून टाकलं. आत्मचरित्रात पोरका झालेला मुलगा दिसतो. आई पुरती दिसते ती कादंबरीत. म्हणून ‘कादंबरी म्हणजे काय, सगळं खोटं’ म्हणणाऱ्या काका-मामांना मी ‘गृहभंग’ देते. अजून एकानंही परत केलेलं नाही, पण ते वेगळ्या कारणानं असावं!

आता दुसरं आत्मचरित्र. गिरीश कार्नाडांचं ‘आडाडता आयुष्य’, 2011 चं. मराठीत ‘खेळता खेळता आयुष्य’, अनुवाद पुन्हा उमाताईंचाच. हे लेखक आपल्याला ‘उंबरठा’मधल्या स्मिता पाटीलच्या नवऱ्यामुळे जास्त ओळखीचे. जन्म 1938 चा, तोही आपल्या माथेरानचा.

हे पुस्तक त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टर बाईंना, मधुमालती गुणे यांना, अर्पण केलंय. कारण वाचलंत तर थक्क व्हाल. घरात मुलं होती, आणखी नको म्हणून कार्नाडांची आई गर्भ काढून टाकायला या बाईंच्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टर वेळेवर आल्या नाहीत. वाट पाहून ती परत गेली आणि पुन्हा काही गेली नाही. मुलगा पस्तिशीचा, नावारूपाला आलेला, तेव्हा जेवताना आईनं हे सहज सांगून टाकलं. आपल्याकडे किती घरांत असं बोललं जातं, सांगा बरं! आणि किती मुलं ते पहिल्या पानांवर छापतील?

या आईचीही कथा मोठी आहे. कृष्णाबाई लहान वयात विधवा झाल्या, पदरात मुलगा. त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं. डॉ. रघुनाथ कार्नाड भेटले, पण विधवेशी लग्न म्हणजे त्या काळी केवढा गहजब. काही वर्षं थांबून शेवटी आर्य समाजाच्या पद्धतीनं लग्न झालं. कार्नाड हे सगळं न रडता सांगतात. आईला ना बिचारी करतात, ना थोर. पुस्तकाच्या उत्तरार्धात संस्था, सिनेमे आणि नावांची गर्दी होते, तिथं मी जरा कंटाळले. पण सुरुवातीच्या आईसाठी सगळं माफ.

गंमत बघा. याच कार्नाडांनी ब. व. कारंतांबरोबर भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’वर 1971 मध्ये सिनेमा केला होता. पुढे 2006 मध्ये टिपू सुलतानावरून दोघांचं कन्नड वृत्तपत्रात असं जुंपलं की वाचकांचेही दोन गट पडले. आमच्या इमारतीतही ते आहेत. एका गटातले लोक दुसऱ्याचं पुस्तक हातात धरत नाहीत. माझ्या कपाटात मात्र दोघं शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांच्या मुखपृष्ठांवर खाली नाव एकच, उमा कुलकर्णी.

त्यांचं स्वतःचं आत्मचरित्रही आहे, ‘संवादु अनुवादु’. त्यातली त्यांच्या कामाची पद्धत मला फार आवडली. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचायचे, उमाताई ऐकायच्या आणि मराठीत लिहायच्या. म्हणजे भैरप्पांची नंजम्मा आणि कार्नाडांच्या कृष्णाबाई पुण्यातल्या एका घरात आधी कानांनी शिरल्या, मग आपल्यापर्यंत आल्या. मराठी वाक्यांत तो बोलका ठेका कुठं कुठं ऐकू येतो, असं मला तरी वाटतं.

कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर आधी ‘गृहभंग’, मग ‘माझं नाव भैरप्पा’. कार्नाड कधीही चालतील. आणि एवढी जाड पुस्तकं नको असतील, फोनवर दोन दिवसांत संपेल असं काही हवं असेल, तर विवेक शानभाग यांचं ‘घाचर घोचर’ घ्या. अगदी छोटंसं, बेंगळुरूतल्याच एका कुटुंबाचं. मसाल्याच्या धंद्यात अचानक पैसा येतो आणि घरातली माणसं हळूहळू बदलत जातात. श्रीनाथ पेरूर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. ‘घाचर घोचर’ हा शब्द कुठल्याच कोशात नाही, तो एका घरात मुलांनी गुंत्यासाठी बनवलेला आहे. आमच्याकडे इयरफोनच्या वायरीला आता तोच शब्द वापरतात.