काट्यावरची जिद्द

‘ज्याला वजन उतरवता येत नाही, त्याने लंगोट खुंटीला टांगावा,’ असे एका जाणकारांनी नुकतेच लिहिले आहे. पाणी तोडून, रबरी सूट घालून दोन दिवसांत चार-पाच किलो घालवणे ही म्हणे तालमीची परंपरा. शिवाय सगळेच तसे करतात आणि पैलवानाची जिद्द त्यातच दिसते.

परंपरा कसली? लाल मातीत वस्ताद नजरेने जोड लावत आणि मैदान जवळ आले की खुराक वाढवत. काटा आला तो वजनगटांबरोबर. सगळेच करतात, हे तर उत्तरच नव्हे.

राहिली जिद्द. एक किलो चरबी जळायला सात हजारांहून जास्त कॅलरी खर्चाव्या लागतात. दोन दिवसांत चार किलो चरबी जाईल कशी? जाते ते पाणी आणि स्नायूंतले ग्लायकोजेन, ज्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जाते. ज्या इंधनावर सहा मिनिटे झुंजायचे, तेच आदल्या दिवशी संपवायचे! रक्तातले पाणी घटते, हृदय धडधडते, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान पाच आठवड्यांच्या आत असेच वजन उतरवताना दगावले. त्यांच्यात जिद्द कमी नव्हती. होती म्हणूनच ते थांबले नाहीत.   आणि आता हे जाणकार पैलवान विनेश फोगटचा दाखला देतात! एरवी ५३ किलोत लढणारी मुलगी पॅरिस ऑलिंपिकला ५० किलोत उतरली, पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकली आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅमने बाद झाली. तिची जिद्द कमी पडली म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

वजनगट हंगामाआधी ठरवावा. त्या मृत्यूंनंतर अमेरिकी कॉलेजांनी आठवड्याला दीड टक्क्याची मर्यादा घातली. साठ किलोच्या मुलासाठी ती ९०० ग्रॅम. भात-भाकरी थोडी कमी करावी, दूध-अंडी-डाळ तोडू नये. मुलीची पाळी चुकू लागली, तर खाणे अपुरे पडत असेल हे आधी तपासावे. अंगाने वाढणाऱ्या पोराला वरच्या गटात जाऊ द्यावे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला ५२ किलोत सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले, ते ५७ किलोत.