घड्याळ दुरुस्त करावें, नवें करूं नये

सांप्रत वेळ पाहण्यासाठीं मनगटाकडे पाहणारे लोक थोडेच राहिले आहेत. खिशांतला मोबाइल बिनचूक वेळ सांगतो, त्यामुळें घरोघरीं जुनीं घड्याळें कपाटाच्या खणांत बंद पडून आहेत. अलीकडे मात्र आमच्या विद्यार्थ्यांत ह्या जुन्या घड्याळांविषयीं आवड दिसूं लागली आहे. ही आवड चांगलीच आहे. परंतु तिला नीट वळण लागलें नाहीं, तर वस्तु जपण्याच्या उत्साहांतच तिचा नाश होतो. ह्यास्तव चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतों. आमच्या तीर्थरूपांचें एच.एम.टी. 'जनता' घड्याळ त्यांच्या पश्चात् आमच्याकडे आलें. तबकडी पिवळसर झाली होती व केसीवर रोजच्या वापराचे ओरखडे होते. "हें अगदीं नव्यासारखें करून द्या," असें आम्हीं दुकानदारास सांगितलें, आणि त्यानें आमचें म्हणणें तंतोतंत पाळलें. आठ दिवसांनीं पांढरीशुभ्र रंगविलेली तबकडी व आरशासारखी चकचकीत केस घेऊन आम्ही घरीं आलों. मातुःश्रींनीं घड्याळ हातांत घेतलें, उलटसुलट करून पाहिलें, आणि "हें कोणाचें?" असें विचारिलें. आम्हांस उत्तर देववेना. दोष दुकानदाराचा नव्हता; आमची मागणीच चुकीची होती.

हिंदुस्थान मशीन टूल्स ह्या सरकारी कारखान्यानें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें बंगळूर येथें मनगटी घड्याळें बनविण्यास आरंभ केला. पुढें कित्येक वर्षें परीक्षा पास झालेल्या मुलास, लग्नांत जांवयास, किंवा नोकरींतून निवृत्त होणाऱ्यास हेंच घड्याळ मिळे. २०१६ सालीं केंद्र सरकारनें एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. अर्थात् त्या काळच्या मूळ तबकड्या आहेत तेवढ्याच. एक रंगविली कीं एक कायमची कमी झाली.

मग जुन्या घड्याळाचें करावें तरी काय? चालण्यास जें आवश्यक तें सर्व करावें. जें केवळ दिखाव्यासाठीं तें करूं नये, असें आमचें मत आहे. 'जनता' घड्याळ सेकंदास ५ ठोके देतें, म्हणजे दिवसास ४,३२,००० ठोके. इतके श्रम करणाऱ्या यंत्रांतील तेल कांहीं वर्षांनीं वाळतें आणि धातु धातूवर झिजूं लागतो. घड्याळ चालत आहे म्हणजे तें निरोगी आहे असें समजूं नये. चार-पांच वर्षांतून एकदां जाणत्या घड्याळजीकडून तें पूर्ण खोलवून, साफ करवून, तेल घालून घ्यावें. तडकलेली कांच अवश्य बदलावी, कारण तिच्यावाटे ओल आंत शिरते. परंतु तबकडी व कांटे आहेत तसेच राहूं द्यावे, केसीस पॉलिश करूं नये, आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावे. रोज ठराविक वेळीं चावी द्यावी व ती अडतांच थांबावें. घड्याळ एकाएकीं फार पुढें जाऊं लागलें, तर तें बहुधा चुंबकाजवळ राहिलेलें असतें. मोबाइलच्या चुंबकी कव्हराशेजारीं तें ठेवूं नये.

विकत घेतांना अधिक सावध असावें. निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जुळवून, वर भडक रंगाची तबकडी चढवून विकलेलीं घड्याळें मुंबईच्या बाजारांत पुष्कळ मिळतात. भिंग घेऊन पाहावें: अक्षरें रेखीव आहेत कीं फिसकटलेलीं, मिनिटांच्या रेघा अंकांसमोर नेमक्या येतात कीं नाहीं, कांटे त्या रेघांपर्यंत पोंचतात कीं नाहीं. झांकण उघडून आंतील यंत्र दाखविण्यास विक्रेता कांकूं करील, तर तेथून परतावें. ऐंशी वर्षांचा गृहस्थ विशींतला दिसूं लागला तर आपणांस संशय येतोच. घड्याळाचेंहि तसेंच आहे.

एक इशारा मुलांसाठीं. अंधारांत चकाकावे म्हणून कित्येक जुन्या परदेशी घड्याळांच्या कांट्यांस व अंकांस रेडियमचा रंग लावीत असत. चकाकी गेली तरी त्या रंगाचा किरणोत्सर्ग जात नाहीं. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १,६०० वर्षें आहे. असें घड्याळ घरीं कदापि उघडूं नये.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशासाठीं? केवळ अचूक वेळ हवी असेल, तर ती खरोखरच व्यर्थ आहे. १९६९ सालीं जपानच्या सेको कंपनीनें पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढिलें, तेव्हांपासून अचूकतेंत चावीचें घड्याळ हरलेलेंच आहे. वेळेसाठीं साधें क्वार्ट्झ घ्यावें, आणि त्याचा सेल संपतांच काढून टाकावा, नाहींतर तो गळून यंत्र नासतें. जुनें घड्याळ जपावयाचें तें ज्याच्या मनगटावर तें होतें त्याच्यासाठीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, संग्रह करावयाचा तर आरंभ बाजारांतून नव्हे, घरच्या खणांतून करा. तीस घड्याळें जमविण्यापेक्षां तीन घड्याळांची संपूर्ण माहिती असणें बरें. आजोबांस विचारा: हें कोणत्या सालीं घेतलें, कोणत्या प्रसंगीं मिळालें, हा ओरखडा कशाचा? मिळालेलीं उत्तरें एका चिठ्ठीवर लिहून ती घड्याळाबरोबर ठेवा. आणि पालकहो, मुलांनीं विचारिलें असतां "आतां काय त्याचें!" म्हणून त्यांस वाटेला लावूं नका. आमच्या हातून जें पुसलें गेलें तें परत येणार नाहीं. आपल्या घरीं जें अद्यापि शिल्लक आहे तें तरी राहावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.